पोटदुखीची वही



या सदरात मी एरवी पासवर्ड, ऑनलाइन फसवणूक, मोबाइलमधली साठवण असल्या विषयांवर लिहितो. यावेळी विषय घरचा आहे. आईच्या पोटदुखीचा. आईला आधी विचारलं. ती म्हणाली, "लिही, पण एक अट आहे. ती तुला शेवटी सांगते." ती अट काय होती, ते मीही शेवटीच सांगतो.

गोष्ट 2024 च्या संक्रांतीपासूनची. तिळगुळाच्या पोळ्या झाल्या, त्याच रात्री आईच्या पोटात दुखलं. तीळ-गूळ जास्त झाला असेल म्हणून ओवा आणि काळं मीठ घेतलं. दोन दिवसांनी पुन्हा दुखलं. मग हिंगाचा लेप, मग लिंबूपाणी. इंदूरच्या मावशीने फोनवर निदान केलं, "पित्त झालंय." शेजारच्या चाची म्हणाल्या, "नाभि खिसक गई है." बाबांचं मत गॅसेसवर होतं. बाबा भेलमधून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना सगळीकडे दाबाचा प्रश्न दिसतो. मी गूगल केलं आणि अ‍ॅसिडिटीची गोळी आणून दिली. घरात चार माणसं आणि चार निदानं. पण "नेमकं कधी दुखतं गं?" हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

फेब्रुवारीत डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी आईला विचारलं, "क्या तकलीफ है?" आई तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हणालो, "सर, अ‍ॅसिडिटी है, खाने के बाद होता है." त्यांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढच्या सहा महिन्यांच्या भटकंतीची सुरुवात माझ्या त्या घाईच्या उत्तराने झाली.

मार्चमध्ये सोनोग्राफी झाली आणि पित्ताशयात एक खडा दिसला. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. कारण सापडलं! एप्रिलमध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढलं. तिसऱ्या दिवशी आई घरी आली. पुढचे तीन आठवडे पेज, मऊ भात, मुगाचं वरण, ताक असा आहार होता आणि पोट अजिबात दुखलं नाही. मी ऑफिसात पेढे वाटले.

मे महिन्यात आई पोळी, कोशिंबीर, पालेभाजीवर आली आणि दुखणंही परत आलं. अगदी तसंच, त्याच जागी.

माझ्या धंद्यात याला एक जुनी चूक म्हणतात. यंत्रणा बिघडली की आम्ही कधी कधी एकाच वेळी दोन गोष्टी बदलतो, बिघाड थांबतो आणि आम्ही त्यातल्या भलत्याच गोष्टीला श्रेय देतो. एप्रिलमध्ये आईच्या बाबतीतही दोन गोष्टी बदलल्या होत्या. पित्ताशय गेलं आणि जेवण मऊ झालं. श्रेय आम्ही शस्त्रक्रियेला दिलं. मऊ जेवणाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. खडा खोटा नव्हता. पण पित्ताशयात खडे असलेल्या बऱ्याच लोकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करायला जावं आणि खडा दिसावा, हे तर नेहमीचंच. म्हणजे तपासणीत काही सापडलं, एवढ्याने ते दुखण्याचं कारण ठरत नाही. खड्याच्या दुखण्याची स्वतःची एक तऱ्हा असते. ते वरच्या पोटात, बहुधा उजवीकडे, येतं. अनेकदा तेलकट-तुपकट जेवणानंतर किंवा रात्री उठतं, अर्ध्या तासापासून काही तास टिकून राहतं आणि उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जातं. आईचं दुखणं असं नव्हतंच. पण तिला ते कोणी विचारलं नाही आणि मी तिला सांगू दिलं नाही.

मे ते जुलै हा सगळ्यात वाईट काळ. रक्ताच्या साध्या तपासण्या झाल्या, हिमोग्लोबिन थोडं कमी, बाकी ठीक. पुन्हा सोनोग्राफी झाली, नॉर्मल. तोंडातून नळी घालून एंडोस्कोपी झाली, तीही नॉर्मल. फाइल जाड होत गेली आणि आई बारीक होत गेली. एका ठिकाणी ऐकलं, "सब नॉर्मल है, टेंशन मत लीजिए, इस उम्र में होता है." आई बाहेर आली आणि पायऱ्यांवर बसून म्हणाली, "म्हणजे मी नाटक करते का रे?" त्यानंतर तिने दुखण्याबद्दल बोलणंच बंद केलं. विचारलं की म्हणायची, "बरं आहे." आम्हीही त्यावर विश्वास ठेवायला तयारच होतो.

पोट नीट पत्ता का सांगत नाही?

नंतर एका डॉक्टरांनी मला हे समजावलं, तेव्हा बऱ्याच गोष्टी उलगडल्या. बोटाला सुई टोचली तर डोळे मिटूनही आपण नेमकं बोट दाखवतो. आतड्याचं तसं नाही. आतड्याला कापल्याचं फारसं कळत नाही, पण ते ताणलं, फुगलं, आवळलं किंवा त्याचा रक्तपुरवठा कमी झाला की दुखतं. शिवाय पोटातल्या अवयवांच्या नसा कमी आणि त्या मज्जारज्जूत एकमेकींच्या जवळपास शिरतात. त्यामुळे मेंदूला फक्त "मधे कुठेतरी" एवढाच निरोप पोहोचतो. लहान आतड्याचं दुखणं बेंबीभोवती जाणवतं, मोठ्या आतड्याचं बहुधा बेंबीच्या खाली आणि जठराचं वर.

अपेंडिक्स हे याचं उत्तम उदाहरण. सुरुवातीला बेंबीपाशी मोघम दुखतं. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचते. त्या अस्तराच्या नसा नेमका पत्ता सांगणाऱ्या असतात, म्हणून मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं. याचा अर्थ, आत्ता कुठे दुखतं एवढं सांगून भागत नाही. आधी कुठे होतं आणि मग कुठे गेलं, हाही तितकाच मोठा पुरावा असतो.

आणखी काही खुणा सांगतो. कमरेतून जांघेकडे उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ बहुधा मूतखड्याची असते. वरच्या पोटातून आरपार पाठीत जाणारं आणि पुढे वाकून बसल्यावर जरा कमी होणारं दुखणं स्वादुपिंडाचं असू शकतं. आणि बेंबीच्या वरची, घाम फोडणारी "अ‍ॅसिडिटी" कधी कधी पोटाची नसतेच, हृदयाची असते. मधुमेही आणि वयस्कर माणसांनी तर हे विशेष लक्षात ठेवावं. अशा वेळी इनो न घेता ई.सी.जी. काढायला जावं.

वही

जुलैत एका रात्री ऑफिसच्या एका बिघाडावर मी जागा होतो. सर्व्हर अधूनमधून अडकायचा आणि आपोआप सुटायचा. अशा वेळी आम्ही पहिली गोष्ट करतो ती म्हणजे लॉग उघडतो. कधी अडकला, त्याआधी काय झालं, किती वेळ अडकला, कशाने सुटला. हे वाचत असताना स्वयंपाकघरात दिवा लागला. आई गरम पाण्याची पिशवी भरत होती. रात्रीचे पावणेदहा. जेवण होऊन तास झाला असेल. मला एकदम लाज वाटली. कोणत्या तरी कंपनीच्या सर्व्हरची मिनिटामिनिटाची नोंद माझ्याकडे होती आणि आईची एका ओळीचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि आठ रकाने आखले:

1. तारीख आणि दुखायला लागल्याची वेळ
2. कुठे दुखलं (एका बोटाने दाखवता येतं की पूर्ण तळहात लागतो)
3. कसं दुखलं (जळजळ, कळ, मुरडा, जडपणा)
4. किती वेळ टिकलं
5. त्याआधी काय खाल्लं आणि किती वेळाने दुखलं
6. शौच, गॅस, उलटी
7. कशाने थांबलं
8. त्या दिवशी घेतलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण

आठवड्यातून एकदा वजन करायचं ठरलं. घरात काटा नव्हता, तोही आणला. आईने नाक मुरडलं, "आता पोटाचा पण हिशेब?" पण बायकोने तिला पटवलं. रोज रात्री दोघी मिळून वही भरायला लागल्या.

दोन आठवड्यांत वही बोलायला लागली. दुखणं जेवणानंतर पाऊण ते एक तासाने यायचं. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली जायचं. मुरडा यायचा, पोट फुगायचं, मग एकदम गुडगुड आवाज व्हायचा आणि दुखणं सुटायचं. आईने एका दिवशी लिहिलं होतं, "पोटात गोळा फिरतो आणि मग नळाचं पाणी सुटल्यासारखं होतं." भाकरी, कोशिंबीर, मेथी या दिवशी जास्त. 17 जुलैला आषाढी एकादशी होती. त्या दिवशी आईने फक्त ताक आणि पातळ भगर घेतली होती आणि त्या ओळीसमोर लिहिलं होतं, "आज नाही." एप्रिलचं कोडं तिथेच सुटलं.

मला बाहेर बसवलं

ही वही घेऊन आम्ही पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जाड फाइल बाजूला ठेवली आणि वहीची पानं शांतपणे वाचली. मग आईला विचारलं, "माताजी, बुखार?" मी सवयीने म्हणालो, "नहीं सर, बुखार नहीं है." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आप ज़रा बाहर बैठिए."

वीस मिनिटांनी त्यांनी मला आत बोलावलं. त्या वीस मिनिटांत आईने जे सांगितलं, ते मला घरात राहून सहा महिन्यांत कळलं नव्हतं. संध्याकाळी तिला अंग गरम वाटायचं. सूनबाई ऑफिसातून दमून येते, तिला कशाला सांगा, म्हणून ती एक क्रोसिन घेऊन टाकायची. ती गोळी वहीतही लिहिली नव्हती. रात्री मानेला घाम यायचा. ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले होते. हातातल्या सोन्याच्या बांगड्या निसटतात म्हणून तिने काढून कपाटात ठेवल्या होत्या. आम्हाला वाटलं होतं, स्वयंपाक करताना अडचण होते म्हणून काढल्या असतील. पित्ताशयाच्या वेळच्या कागदावर वजन 58 किलो होतं आणि आता 49.

डॉक्टर म्हणाले की अडून अडून सुटणारं दुखणं म्हणजे आतड्याची वाट कुठेतरी अरुंद झाली असावी. अरुंद जागेतून मऊ अन्न जातं, चोथा अडकतो. सोनोग्राफीत आतड्यातल्या हवेमुळे हा भाग अनेकदा नीट दिसत नाही. आणि तोंडातून केलेली एंडोस्कोपी जठर आणि त्यापुढच्या थोड्या भागापर्यंतच पोहोचते. म्हणजे आमचे "नॉर्मल" रिपोर्ट खोटे नव्हते. बिघाड जिथे होता, तिथे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मग सी.टी. स्कॅन झालं. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे भिंत जाड झालेली होती. त्यानंतर कोलोनोस्कोपी झाली. तिथे व्रण दिसले, तुकडे काढून तपासायला दिले. संशय दोन आजारांवर होता, आतड्याचा क्षय म्हणजे टी.बी. आणि क्रोन्स डिसीज. दोघांचे व्रण इतके सारखे दिसतात की मुरलेले डॉक्टरही चकतात. आणि चूक महाग पडते, कारण क्रोन्ससाठी जी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, ती क्षयात दिली तर क्षय भडकतो. तुकड्यात क्षयाकडे बोट दाखवणाऱ्या गाठी दिसल्या, पण जंतू प्रत्यक्ष सापडले नाहीत. आतड्याच्या क्षयात जंतू संख्येने कमी असतात, त्यामुळे असं होतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. क्षयाचे औषधोपचार सुरू करून काही आठवड्यांनी पुन्हा आत पाहायचं, असं ठरलं.

"मंडळात सांगू नकोस"

टी.बी. हा शब्द ऐकल्यावर आईचं पहिलं वाक्य दुखण्याबद्दल नव्हतं. ती म्हणाली, "मंडळात कोणाला सांगू नकोस." घरी येऊन तिने आपलं ताट-वाटी वेगळं केलं. नातीला जवळ घेणं बंद केलं. गणपती तोंडावर होते. गेली कित्येक वर्षं मोदकांच्या पाऱ्या करायला पहिली जाणारी माझी आई त्या वर्षी "गुडघे दुखतात" म्हणून घरी बसली. तुमच्यापैकी अनेकींनी तेव्हा चौकशी केली होती. तेव्हा आम्ही खोटं बोललो, त्याबद्दल माफ करा.

डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं. क्षय खोकल्यातून, शिंकेतून पसरतो तो फुप्फुसाचा. फुप्फुसं स्वच्छ असतील तर फक्त आतड्याचा क्षय असलेल्या माणसाच्या ताटवाटीने, स्पर्शाने किंवा हातच्या मोदकाने तो कोणाला होत नाही. तिला ते पटलं, पण मनात उतरायला वेळ लागला.

उतरलं ते वेगळ्याच वाटेने. आमच्या घरी रणजित देसाईंच्या 'स्वामी'ची जुनी प्रत आहे, आईच्या माहेरून आलेली. एका दुपारी ती घेऊन बसली होती. म्हणाली, "माधवरावांना हेच होतं ना रे?" थोरले माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात गेले. वय अवघं 27. दुखणं राजयक्ष्म्याचं, आणि तो आतड्याचा क्षय होता असं इतिहासकार सांगतात. पानिपतानंतर मोडलेलं राज्य ज्याने अकरा वर्षांत पुन्हा उभं केलं, त्याच्यापाशी वैद्य होते, हकीम होते, पैसा होता, पण औषध नव्हतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केला तोच मुळी 24 मार्च 1882 ला, एकशे दहा वर्षांनी. त्यावर पहिलं खरं औषध यायला विसावं शतक अर्धं सरत आलं होतं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पेशव्यांना नाही मिळालं ते मला सरकार फुकट देतंय. गोळ्या आण इकडे."

आणि खरंच फुकट मिळतात. आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर औषधं मोफत आहेत. खासगी डॉक्टरकडे निदान झालं तरी रुग्णाची नोंद करणं 2012 पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की पौष्टिक आहारासाठी दरमहा बँक खात्यात पैसे येतात. आधी ते 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. आईने त्या पैशाची अंडी आणली नाहीत, पण शेंगदाणे, दूध आणि पनीर मात्र नेमाने आणलं. शंका असेल तर 1800-11-6666 हा मोफत क्रमांक आहे.

औषधं सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली आणि आई घाबरली. रिफॅम्पिसिनमुळे तसं होतंच, हे आधीच सांगितलेलं असतं तर ती रात्र बरी गेली असती. ही औषधं यकृतावर ताण आणू शकतात. भूक एकदम गेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर लगेच डॉक्टरांना सांगायचं असतं. आईला पहिल्या महिन्यात मळमळ झाली, ती हळूहळू गेली. महिन्याभरात संध्याकाळचा ताप गेला. ऑक्टोबरमध्ये वहीत सलग अकरा दिवस "आज नाही" लिहिलेलं होतं. नोव्हेंबरअखेर पुन्हा कोलोनोस्कोपी केली, व्रण भरत आले होते. निदान बरोबर होतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा तोच.

प्रत्येक पोटदुखी म्हणजे क्षय नव्हे

आईची गोष्ट वाचून कोणी घाबरून कोलोनोस्कोपीच्या रांगेत उभं राहू नये. महिनोन्‌महिने कारण न सापडणाऱ्या पोटदुखीमागे कितीतरी साध्या गोष्टी असतात. गुडघ्यासाठी रोज घेतलेली वेदनाशामक गोळी जठराला व्रण पाडते. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा लोहाच्या गोळ्या पोट बिघडवतात. काहींना दूध पचत नाही. काही भस्मांत आणि रसौषधीत शिसं सापडलेलं आहे. शिशाने मुरडे, बद्धकोष्ठता आणि रक्तक्षय होतो. म्हणून "ते तर आयुर्वेदिक आहे" म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. नागिणीत पुरळ उठण्याच्या काही दिवस आधीच एका बाजूला आग होते. बायकांच्या बाबतीत गर्भाशय आणि बीजकोशाचा विचार व्हायलाच हवा आणि तो त्यांना एकटीला विचारून व्हायला हवा.

कधी दुखणं पोटाच्या आत नसून पोटाच्या भिंतीत असतं. एखादी बारीक नस स्नायूत अडकते आणि माणूस एका बोटाने जागा दाखवतो. यासाठी एक अगदी साधी तपासणी आहे, कार्नेट यांनी 1926 मध्ये सांगितलेली. रुग्णाला झोपवून डॉक्टर त्या जागेवर बोट ठेवतात आणि मान-खांदे उचलायला सांगतात. स्नायू आवळल्यावर दुखणं वाढलं तर दोष बहुधा भिंतीत, कमी झालं तर आत. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. पण रुग्णाला हात लावून तपासावं लागतं.

आणि काही वेळा सगळं तपासूनही व्रण नसतो, गाठ नसते. आतडं आणि मेंदू यांच्यातली निरोपांची देवाणघेवाण जास्त हळवी झालेली असते. शौचाच्या सवयींशी जोडलेलं असं दुखणं महिनोन्‌महिने टिकलं तर डॉक्टर त्याला आय.बी.एस. म्हणतात. तेही दुखणं खरंच असतं आणि त्यावर आहाराचे, औषधांचे उपाय असतात. अशा माणसाला "तुला काही झालेलं नाही" म्हणणं चूक आहे. आईला पायऱ्यांवर बसवणारं वाक्य तेच होतं.

मग थांबायचं कधी आणि धावायचं कधी? न ठरवता वजन उतरणं, ताप, काळी शौच किंवा शौचातून रक्त, झोपेतून उठवणारं दुखणं, वारंवार उलट्या, कावीळ, हिमोग्लोबिन कमी होणं, हाताला गाठ लागणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. आणि एकाएकी उठलेलं असह्य दुखणं, लाकडासारखं कडक पोट, उलट्यांसोबत शौच आणि गॅस दोन्ही बंद, चक्कर, छातीत दडपण किंवा गरोदरपणाची शक्यता असताना दुखणं, यात तर वहीही उघडायची नाही. सरळ रुग्णालय गाठायचं.

बाकी सगळ्यांसाठी माझा सल्ला एवढाच. वही करा. औषधांची प्रत्येक गोळी त्यात लिहा, क्रोसिनसुद्धा. आणि आपल्या माणसाला डॉक्टरांकडे नेलंत की खुर्चीत बसवा आणि स्वतः गप्प बसा. नव्या तपासणीआधी डॉक्टरांना विचारा, "यातून आपण काय शोधतोय? आणि नाही सापडलं तर पुढे काय?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आईच्या गोळ्या संपल्या. वजन 55 किलो आहे. बांगड्या परत हातात आल्या आहेत, जरा सैल आहेत एवढंच. येत्या 24 तारखेला जागतिक क्षयरोग दिन आहे आणि 30 तारखेला पाडवा. पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाची जबाबदारी आईने मागून घेतली आहे.

आता तिची अट. लेख वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "एक लिही. सहा महिन्यांत एकही गोळी चुकवली नाही. बरं वाटायला लागल्यावर पण नाही. आणि श्रीखंड खायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं, मी वाढणार आहे."

मी तर दोन वाट्या घेणार आहे. पाडव्याला भेटू.